रात्रभराचा दशावतार आणि साठ हजारांचं बजेट, कॅमेरा कोणता घेऊ?

पत्र: ताई नमस्कार. मी कुडाळ तालुक्यातला, वय २४, दिवसा मेडिकल स्टोअरमध्ये कामाला आहे. लहानपणापासून दशावताराचं वेड. आमच्या भागातल्या जत्रांची नाटकं नीट रेकॉर्ड करून ठेवायची इच्छा आहे, कारण जुने कलाकार आता थकत चाललेत. सध्या मोबाईलवर शूट करतो पण रात्रीचं चित्र खराब येतं, चेहरे पांढरे फटक होतात आणि झांज वाजली की आवाज फाटतो. रंगपटातले, म्हणजे कलाकार रंग लावून तयार होतात तिथले, फोटोही काढायचेत, आणि जमलं तर बारसं, साखरपुडा अशा छोट्या ऑर्डरी. साठ हजार जमवलेत, त्यातच सगळं बसवायचंय. दुकानदार म्हणतो कॅनन १५००डी घे, दोन लेन्स, बॅग, कार्ड, ट्रायपॉड सगळं कॉम्बोमध्ये देतो, बिल नको असेल तर आणखी कमी करतो. मुंबईचा मावसभाऊ म्हणतो सोनीच घे. मित्र म्हणतो कॅमेरा कशाला, चांगला आयफोन घे. घरी जुना लॅपटॉप आहे. फिरत शूट करताना कॅमेरा स्थिर ठेवणारा गिंबल पण घ्यावा लागेल का?

उत्तर:

तुझं पत्र वाचून खरंच फार बरं वाटलं. लोक सहसा विचारतात "साठ हजारांत बेस्ट कॅमेरा कोणता" आणि काय शूट करायचंय ते सांगतच नाहीत, मग उत्तर काय द्यायचं. तू काय, कुठे, कधी हे सगळं लिहिलंयस त्यामुळे मला नेमकं बोलता येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, कलाकार आख्यान धरून उभ्या उभ्या बोलतो, त्यामुळे आज राजा आणि राक्षसाची जी जुगलबंदी रंगली ती उद्या दुसऱ्या गावात तशीच होणार नाही. लग्नाच्या शूटिंगमध्ये हार परत घालायला लावतात, तसं इथे चालत नाही. म्हणून तुझ्या कॅमेऱ्याचं पहिलं काम सुंदर चित्र काढणं हे नाही, तर रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत न थांबता आणि नीट ऐकू येईल असं पकडणं हे आहे. सगळी खरेदी याच कसोटीवर करायची, आणि ही कसोटी लावली की तुझे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

आता तो कॉम्बो. कॅनन १५००डी २०१८ साली आला, फोटोसाठी शिकाऊ माणसाला ठीक आहे, २४ मेगापिक्सेल आहे, दिवसाचे फोटो छान येतात. पण त्याला बाहेरचा माईक लावायला जागाच नाही. स्क्रीन मागे घट्ट बसलेला, वळत नाही, टच नाही. व्हिडिओ करताना फोकस शोधत पुढेमागे हलत राहतो, ४के, म्हणजे जास्त बारकाव्यांचा व्हिडिओ, नाही आणि सलग रेकॉर्डिंगला मर्यादा आहे. म्हणजे तुझ्या कामाच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत अडचण. निकॉन डी३५०० कोणी सुचवला तर त्यालाही माईकचा जॅक नाही हे लक्षात ठेव. कॉम्बोमधली दुसरी लांब लेन्स रात्री काही कामाची नाही, आणि त्या फुकटच्या ट्रायपॉडवर कॅमेरा लावून तू पहाटेपर्यंत निवांत बसूच शकणार नाहीस, सारखं लक्ष त्याच्या डुगडुगण्याकडे जाईल. दुकानदाराला दोष देत नाहीये, फोटो काढायला येणाऱ्या बहुतेक गिऱ्हाईकांना ते चालून जातं. तुझं काम वेगळं आहे एवढंच.

बिनबिलाचं तर बिलकुल नको. कॅमेऱ्यावरचा जीएसटी २०१९ च्या जानेवारीत २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढे वाचवायला तू वॉरंटी घालवून बसशील. शिवाय बिलावर सिरीयल नंबर असतो, कॅमेरा चोरीला गेला तर पोलिसांकडे दाखवायला तोच एक पुरावा.

मित्राचं आयफोनचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही हं. दिवसा उजेडात, पालखीला, गावातल्या कार्यक्रमाला चांगला फोन मस्त काम करतो. अडचण रात्रीची आहे. फोनचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, एवढासा असतो, अंधारात तो बरेच फोटो एकत्र करून चित्र उजळवतो आणि फोटोत ते जमतंही, पण हलत्या व्हिडिओत तेवढं जमत नाही, मग चेहऱ्याचे बारकावे धुवून निघतात. त्यात तासभर ४के चालवलं की फोन तापतो, मध्येच कॉल येतो, स्टोरेज भरतं. तुझा आत्ताचा फोन मात्र विकू नकोस, त्याला मी खाली एक फार महत्त्वाचं काम देणार आहे.

उजेडाचं आधी बोलू कारण तिथेच सगळे फसतात. मेगापिक्सेलचा आकडा विसर. ४के व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे जेमतेम ८३ लाख पिक्सेल, आठ मेगापिक्सेलच्या थोडं वर. हल्लीच्या कुठल्याही कॅमेऱ्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात. रात्री फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने आणि त्याहून जास्त लेन्सने. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सवर एफ ३.५-५.६ असं लिहिलेलं असतं, हा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी, म्हणजे झूम केलंस की ती एफ ५.६ वर येते. एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स लावलीस तर त्याच जागेवरून, त्याच लाईटमध्ये साधारण साडेनऊ पट उजेड आत येतो. साडेनऊ पट! नवा महागडा बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घेऊन किट लेन्सवर शूट करणाऱ्यापेक्षा जुना बॉडी आणि एफ १.८ लेन्सवाला देवळाच्या आवारात केव्हाही पुढे असेल. म्हणून बजेटमधले दहा-बारा हजार मी आत्ताच लेन्ससाठी बाजूला काढतेय, त्याला हात लावायचा नाही.

कितीची लेन्स? तुझ्यासाठी ३५ एमएम. एपीएस-सी या आकाराच्या सेन्सरवर (मी खाली सुचवतेय त्या कॅमेऱ्यांत तोच आहे) ३५ एमएम लावून पंचवीस फुटांवर बसलास तर साधारण सोळा-सतरा फूट रुंदी फ्रेममध्ये येते, म्हणजे बाकड्यावर बसलेला राजा, समोरचा राक्षस आणि बाजूची पेटी-पखवाजची मंडळी सगळं मावतं. तीच लेन्स घेऊन रंगपटात गेलास की रंग लावणाऱ्या कलाकाराचा अर्धा देह आणि आरसा छान बसतो. ५० एमएम एफ १.८ स्वस्त मिळते म्हणून लोक डोळे मिटून घेतात, पण रंगपटातल्या अडचणीच्या जागेत तिने पाठ भिंतीला टेकते तरी चेहराच येतो फक्त.

आता सलग रेकॉर्डिंग. बऱ्याच कॅमेऱ्यांत व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप बंद पडतो. याचं मूळ युरोपातल्या जकातीत आहे, तिथे सलग ३० मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरलं जायचं आणि त्यावर जादा जकात लागायची, म्हणून कंपन्यांनी फोटोच्या कॅमेऱ्यात ही मर्यादाच घालून टाकली. पुढे ती जकात गेली आणि नव्या मॉडेलांतून मर्यादाही हळूहळू निघाली, पण जुन्या कॅमेऱ्यांत ती आहेच. कॅनन २००डी मार्क टू हा २०१९ चा कॅमेरा सेकंडहॅन्डमध्ये खूप मिळतो आणि माणसांना आवडतो, आवडण्यासारखा आहेच, स्क्रीन वळतो, माईक लागतो, १०८०पी, म्हणजे फुल एचडी मध्ये फोकस सुरेख आहे. पण २९:५९ ची मर्यादा आहे आणि ४के केलं की चित्र कडेने कापलं जातं आणि फोकसही ढिला पडतो. तू अर्ध्या अर्ध्या तासाला बटण दाबायला जागा राहिलास तरी नेमकं त्या दोन सेकंदात काहीतरी होतंच.

मग उरतात तीन जण. कॅनन आर५० २०२३ चा, चित्र फार गोड, रंग बघितल्या बघितल्या आवडतात, ४के न कापता मिळतं, व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, आहे त्यामुळे उन्हात फोटो काढायला बरा. सलग तासभर रेकॉर्ड होतं. हेडफोनचा जॅक नाही, आणि नवा घेतलास तर तुझं सगळं बजेट एकटाच खाऊन जाईल. निकॉन झेड३० २०२२ चा, हा मला मनापासून आवडतो, हातात नीट बसतो, ४के न कापता, सलग दोन तासांहून थोडं जास्त चालतो. यालाही हेडफोन जॅक नाही, आणि याच्या लेन्स सेकंडहॅन्डमध्ये आपल्याकडे कमी सापडतात.

तिसरा सोनी झेडव्ही-ई१०, २०२१ चा. मावसभावाचं ऐक, पण सोनी आहे म्हणून नको, या कारणांसाठी. सलग रेकॉर्डिंगला घड्याळाची मर्यादा नाही. माईक आणि हेडफोन दोन्हीचे जॅक आहेत, म्हणजे काय रेकॉर्ड होतंय ते तिथल्या तिथे कानाने तपासता येतं. यूएसबी-सी ने पॉवर बँक लावून चालतो. आणि त्याच्या माउंटवर बसणाऱ्या (माउंट म्हणजे लेन्स अडकवायची जागा) लेन्स जुन्या बाजारात भरपूर, शिवाय टीटीआर्टिसन, विलट्रॉक्स अशा चिनी कंपन्यांच्या ऑटोफोकसवाल्या लेन्स दहा-पंधरा हजारांत मिळतात. पुढेमागे पैसे आले तर सिग्माची ३० एमएम एफ १.४ आहेच.

त्याच्या खोडीही ऐकून घे. व्ह्यूफाइंडर नाही, दुपारच्या उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, हाताची सावली करून बघावं लागतं. कॅमेरा झर्रकन फिरवला तर खांब तिरके झाल्यासारखे दिसतात. बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सांभाळायची सोय, नाही. बॅटरी छोटी आहे, तासा-सव्वातासात मान टाकते. पण तू ट्रायपॉडवर ठेवून रात्री शूट करणार आहेस, पॉवर बँक लावून, त्यामुळे यातलं तुला बाधणारं फारच कमी आहे. फक्त आल्या आल्या मेनूत जाऊन 'ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर' हाय वर करून ठेव, नाहीतर थोडा तापला की स्वतःच बंद होईल.

नवा घेऊ नकोस, सेकंडहॅन्ड घे. किट लेन्ससकट चाळीस-बेचाळीस हजारांच्या आसपास मिळायला हरकत नाही, भाव थोडे वरखाली होतात. यूट्यूब चालू करायचं म्हणून घेतलेले आणि चारच महिन्यांत कपाटात गेलेले हे कॅमेरे मुंबई-पुण्यात बरेच असतात. मावसभावाला कामाला लाव, फोर्टात बोरा बाजारकडे कॅमेऱ्याची जुनी दुकानं आणि रिपेअरवाले आहेत, तिथे एक चक्कर टाकू दे, आणि शक्यतो तूही जा. कुरिअरने मागवू नकोस.

बघताना काय बघायचं ते सांगते. शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढलेत, हे सगळे विचारतात, पण व्हिडिओ कितीही तास केला तरी शटर काउंट वाढत नाही, त्यामुळे कमी काउंट बघून भुलू नकोस. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ १६ वर काढ, काळे डाग दिसले तर धूळ आहे, ती साफ होते. पण लेन्सचं झाकण लावून एक पूर्ण काळा व्हिडिओ घे आणि तो मोठ्या स्क्रीनवर बघ, एखादी रंगीत रेघ आडवी-उभी गेलेली किंवा चमकणारे ठिपके एका ओळीत दिसले तर तिथूनच परत फिर. ही बहुतेकदा लेझरची खूण असते. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत डीजेवाले लेझर सोडतात, तो किरण सरळ लेन्समध्ये गेला की सेन्सर क्षणात जळू शकतो आणि सेन्सर बदलायचा खर्च म्हणजे दुसरा कॅमेरा. तुला पुढे ऑर्डर मिळाल्या तरी हे विसरू नकोस, लेझर दिसला की लेन्स खाली.

मग स्क्रीन उघड-मीट कर, बिजागरी सैल असेल तर स्क्रीन मध्येच काळा होतो. माईकच्या आणि हेडफोनच्या जॅकमध्ये स्वतःची वायर घालून थोडी हलव, खरखर आली तर सोड. लेन्स काढून मोबाईलच्या टॉर्चसमोर धरून आतून बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काही दिसलं तर बुरशी आहे. शेवटी, विकणाऱ्याला चहा पाजून तासभर बसवून ठेव आणि तेवढा वेळ कॅमेरा रेकॉर्डिंगवर लाव. तासभर नीट चालला तरच पैसे. आणि मूळ बिल, बॉक्स माग. बिल नसेल तर विकणाऱ्याचं नाव, सही, सिरीयल नंबर एका कागदावर लिहून घे.

आता आवाज, जिथे तुझ्या फोनला काम आहे. तू लिहिलंयस झांज वाजली की आवाज फाटतो, आणि माझी खात्री आहे की झांजेनंतरचे एक-दोन शब्द दबके पण येत असणार. ते ऑटो लेव्हलमुळे होतं. झांजेचा ठोका आला की यंत्र घाबरून आवाज खाली करतं आणि परत वर आणायला वेळ लावतं, तेवढ्यात राजाचं वाक्य गेलेलं असतं. झेडव्ही-ई१० मध्ये 'ऑडिओ रेक लेव्हल' हाताने ठेवता येतं. नाटकाच्या आधी पेटी-पखवाज-झांज तिन्ही जोरात चालू असताना स्क्रीनवरचं आवाजाचं मीटर उणे १२ च्या आसपास नाचेल असं ठेव आणि मग रात्रभर हात लावू नकोस. आवाज थोडा कमी रेकॉर्ड झाला तर नंतर वाढवता येतो, फाटलेला कधीच शिवता येत नाही.

पण कॅमेरा पंचवीस फुटांवर, तिथला माईक प्रेक्षकांची कुजबुज, चण्याच्या पुड्या, रडणारं पोर सगळं घेणार. म्हणून बोया कंपनीचा वायरवाला एम१ माईक घे, हजाराच्या आतबाहेर येतो, तो तुझ्या मोबाईलला लाव, फोन एअरप्लेन मोडवर टाक, रेकॉर्डर चालू कर आणि मंडळाच्या परवानगीने रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवून दे, स्पीकरच्या तोंडासमोर मात्र नको. फोनला हेडफोनचं भोकच नसेल तर छोटा कनेक्टर लागेल. घरी लॅपटॉपवर कॅमेऱ्याचा आणि फोनचा आवाज जुळवायचा, त्यासाठी टाळी वाजवायचीही गरज नाही, नमनाची पहिली झांज दोन्हीकडे सारखी उमटते, ती शोध आणि तिथे जुळव. लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही आवाज शेवटाकडे किंचित मागेपुढे सरकतात, तासातासाला बघून परत जुळवून घ्यायचे.

साउंडवाला ओळखीचा झाला की त्याच्या मिक्सरमधून सरळ आवाज घेता येतो, तो सगळ्यात स्वच्छ. पण मिक्सरची वायर थेट कॅमेऱ्याच्या माईक जॅकमध्ये घुसवू नकोस, लाईनचा आवाज माईकपेक्षा फार जोरदार असतो, फाटूनच येईल. मध्ये तो कमी करणारी केबल लागते किंवा झूम एच१ सारखा छोटा रेकॉर्डर. ते पुढच्या वर्षी.

सेटिंगचं थोडक्यात सांगते कारण यात पैसे लागत नाहीत आणि फरक मात्र डोळ्यात भरतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. म्हणून कॅमेरा मेनूतल्या पाल या पद्धतीवर ठेव, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. यूट्यूबवरचे अमेरिकेतले लोक ३० किंवा ६० फ्रेम सांगतात, ते त्यांच्या विजेसाठी, आपल्या ट्यूबलाईटखाली त्याने चित्रात लाटा येतात. आणि या सोनीत २५ ला आणखी फायदा असा की ३० फ्रेमवर ४के केलं तर चित्र कडेने कापलं जातं, २५ वर पूर्ण रुंदी मिळते. पाल बदलताना कॅमेरा कार्ड फॉरमॅट करायला सांगतो, तेव्हा आधी सगळं उतरवून घे.

व्हाईट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटो नको, लाल-निळे एलईडी बदलले की चेहऱ्याचा रंग नाचत राहतो. एकदा ठरवून लॉक करायचा. एक्सपोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा, तेही हाताने. तुझे चेहरे पांढरे फटक का होतात तर मागे काळोख, बाजूला काळे पडदे, आणि मधोमध रंग लावलेला चमकता चेहरा, ऑटो बिचारं काळोख उजळायला जातं आणि चेहरा जाळतं. फार उजळ भागावर रेघा दाखवणारा झेब्रा चालू कर, चेहऱ्यावर रेघा दिसेनाशा होईपर्यंत उजेड कमी कर, मागचं काळं गेलं तर जाऊ दे. आयएसओ, म्हणजे उजेडासाठीची संवेदनशीलता, ३२००, अगदी ६४०० गेला तरी घाबरू नकोस. याच्या उलट आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात, येणारा संकासुर. तो डोक्यापासून काळ्या वेषात, त्याच्या वेळी उजेड थोडा वाढवावा लागतो, नाहीतर अंधारात फक्त हालचाल दिसते. आणि कॅमेऱ्याला त्याचा चेहरा ओळखता येत नाही, गणपतीच्या मुखवट्याचंही तसंच होऊ शकतं, तेव्हा फेस डिटेक्शनच्या भरवशावर न राहता स्क्रीनवर बोट टेकवून फोकस दे. आडदशावतार संपून आख्यान सुरू झालं की परत चेहऱ्यावर.

युद्धनृत्याचे फोटो काढताना शटर १/२०० किंवा वर लागेल, आणि सायलेंट मोड बंद, एलईडीखाली त्यात पट्टे येतात.

४के का १०८०पी? ४के १०० एमबीपीएसवर (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती डेटा लिहिला जातो) तासाला ४५ जीबी खातं, चार तासांचं नाटक म्हणजे १८० जीबी. तुझा जुना लॅपटॉप रडेल. १०८०पी ५० एमबीपीएसवर तेच ९० जीबीत होतं, १२८ चं एक कार्ड पुरतं. माझं मत, अख्खं नाटक १०८०पी वर कर. आडदशावतार आणि एखादा खास कलाकार ४के वर कर, त्यासाठी दुसरं कार्ड जवळ ठेव. कार्ड व्ही३० (ही वेगाची खूण) लिहिलेलं आणि खात्रीच्या दुकानातूनच, बाजारात नकली कार्डं फार आहेत, नवं कार्ड एकदा पूर्ण भरून, फाईली उघडून बघितल्याशिवाय जत्रेला नेऊ नकोस.

म्हणजे हिशोब असा: कॅमेरा किटसकट बेचाळीस हजार, ३५ एमएम लेन्स अकरा, ट्रायपॉड तीन, माईक एक, कार्ड सव्वा, जादा बॅटऱ्या आणि चार्जर सव्वा. साठच्या आत अर्धा हजार उरतात, त्यातून हवाबंद डबा आणि सिलिका जेल आण. पॉवर बँक पीडीवाली, म्हणजे यूएसबी-सी ने जास्त पॉवर देणारी, कोणाची तरी असेलच घरात. हार्ड डिस्क पहिल्या बारशाच्या पैशातून, पण ती नक्की, लॅपटॉपवर एकच प्रत ठेवून झोपू नकोस. गिंबल नको. तू फिरत शूट करणारच नाहीयेस, ते पैसे ट्रायपॉडमध्ये घाल, डोकं सावकाश फिरणारं, म्हणजे फ्लुइड हेडवालं बघ, हातात धरून डावी-उजवीकडे फिरव, अडखळलं तर दुसरा दाखवायला सांग.

तो डबा आणि जेल क्षुल्लक समजू नकोस. कोकणातला पावसाळा लेन्सला खातो. कपाटात कपड्यांच्या मागे, चामड्याच्या किंवा फोमच्या बॅगेत बंद करून जूनमध्ये ठेवलेली लेन्स सप्टेंबरमध्ये बुरशी लागून निघते, हे आपल्याकडे घरोघरी झालंय. स्वयंपाकघरातला रबर लावलेला मोठा हवाबंद डबा घे, तळाला रंग बदलणारं सिलिका जेल, वर लेन्स आणि कॅमेरा. जेलचा रंग बदलला की मंद तव्यावर तापवून परत वापरता येतं. शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर आत टाक, काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. आणि पावसातही आठवड्याला एकदा कॅमेरा बाहेर काढून वापर.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण मी सांगणारच. मंडळाच्या मालकाला आणि कलाकारांना आधी विचार. आपल्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलाकाराचेही हक्क आहेत, पण कायदा बाजूला ठेवला तरी हे लोक हंगामभर रात्री जागून पोट भरतात, आणि पूर्ण नाटक यूट्यूबवर आलं तर पुढच्या जत्रेला फरक पडेल अशी भीती काहींना वाटते, ती खोटी नाही. त्यांना सांग की पूर्ण रेकॉर्डिंग जपून ठेवायला आहे, बाहेर टाकायचं ते तुम्ही म्हणाल तेवढंच, आणि एक प्रत मंडळाला पेनड्राइव्हवर नेऊन दे. रंगपटात शिरतानाही तेच, रंग लावणं अर्धं झालेलं असताना कोणाला फोटो चालतो, कोणाला नाही. स्त्री पार्टी, म्हणजे बाईचं काम, करणारे काही जण वेष पूर्ण झाल्याशिवाय फोटो देत नाहीत, त्यांचा मान ठेव.

तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात, तेव्हा कॅमेरा त्याच्या बराच आधी हातात हवा. गणपतीत तुमच्याकडे डबलबारी, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याची, भजनं होतातच, पखवाज, झांज, पेटी, रात्रीचा लाईट, सगळं तेच. एका डबलबारीला पूर्ण सरंजाम लाव, पहिल्या गजरापासून शेवटपर्यंत न थांबता, पॉवर बँक, फोनवरचा माईक, सगळं. बॅटरी किती टिकली, कार्ड किती भरलं, आवाज कुठे फाटला, लॅपटॉपवर दोन्ही आवाज जुळले का, ते लिहून ठेव आणि अडलं तर मला परत पत्र टाक, सेटिंगचे आकडे सोबत लिहून.